डिकीचं अस्तर

(दृश्य : उघडी डिकी. जुना रबरी मॅट एका कोपऱ्यातून उचलला जातो.)

रंगकाम नवं, क्रोम नवं, सीटही नव्या. डिकीत मात्र अजून हाच मॅट. साठच्या दशकातल्या अशा गाड्यांच्या डिक्या कारखान्यातून निघतानाही फारशा सजलेल्या नसत. एक मॅट, बाकी रंगवलेला उघडा पत्रा. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांचा रंग उडवत, म्हणजे वेल्डिंगचे सांधे आणि ओरखडे नजरेत भरत नाहीत. जॅग्वारने हार्डुरा वापरलं, पाठीला नमदा असलेलं जाड रेक्झिन. इथे जे होणार आहे ते, म्हणजे रेक्झिनने मढवलेल्या फळ्यांचं अस्तर, कारखान्याने कधी केलं नव्हतं, म्हणून या कामाला एकच अट आहे : लावलेलं सगळं पुन्हा काढता आलं पाहिजे.

(दृश्य : स्टेपनी, जॅक, हत्यारं बाहेर. झाकणाच्या रबरावर खडूची पूड.)

सुरुवात पाण्यापासून. रबराला खडूची पूड लावायची, झाकण दाबून बंद करायचं आणि उघडायचं. झाकणाच्या कडेवर पांढरी रेघ उमटते. ती जिथे तुटते, तिथे रबर टेकत नाही. पाणी यायचे आणखी नेहमीचे रस्ते म्हणजे मागच्या दिव्यांचे गॅस्केट, मागच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे आणि पत्र्याच्या सांध्यांमधला तडकलेला सीलर. कुठूनही आलं तरी ते जमतं स्टेपनीच्या खड्ड्यात. खड्ड्याच्या तळाशी रबरी बूच असतं. ते अस्तराखाली गाडायचं नाही.

गंज तारेच्या ब्रशने मोकळा करून, इपॉक्सी प्रायमर आणि रंग चढवून पत्रा पुरता वाळू दिला, की आवाज मारणारी ब्यूटिल रबराची चिकट पट्टी. 2 मिलिमीटर जाडी, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा. बोटाने टकटक करत जायचं. जिथे पत्रा ठणठणतो तिथे, त्या भागाच्या मध्यावर पट्टी चिकटवून रोलरने दाबायची. सपाट पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी थरथर थांबते. सगळा पत्रा मढवला तर वजन वाढतं, फायदा मात्र त्या मानाने वाढत नाही. शिवाय पत्र्याला कायमची चिकटणारी या कामातली ही एकच वस्तू आहे, तेव्हा जितकी कमी तितकी बरी.

(दृश्य : पुठ्ठ्याचा फर्मा. कडेला चिकटपट्टीने जोडलेले पुठ्ठ्याचे छोटे तुकडे.)

आता फर्मे, म्हणजे फळ्या ज्यांवरून कापायच्या ते पुठ्ठ्याचे नमुने. शिलाई देखणी असते, पण डिकी बसते की बिघडते ती इथे. दीड मिलिमीटरचा पुठ्ठा जागेपेक्षा चारही बाजूंनी बोटभर लहान कापायचा आणि चिकटपट्टीने जागेवर टांगायचा. मग पुठ्ठ्याचे दोन बोटं रुंद तुकडे घ्यायचे. एकेक तुकडा पत्र्याला टेकेपर्यंत सरकवायचा आणि तिथल्या तिथे मुख्य पुठ्ठ्याला चिकटवायचा. सरळ कडेला चार-पाच तुकडे पुरतात. चाकाच्या कमानीला वीस लागतील. तुकड्यांची टोकं जोडणारी रेघ नव्या पुठ्ठ्यावर उतरवली की कडेचा खरा आकार मिळतो. टेप लावून मोजमापं घेण्यापेक्षा हे भरवशाचं, कारण डिकीत काटकोन शोधूनही सापडत नाही. फर्मा काढण्याआधी त्याच्यावर लिहायचं : डावा की उजवा, वर कुठे, गाडीचं तोंड कुठे, दिसणारी बाजू कोणती.

डावा फर्मा उलटा करून उजवीकडे लावला, हे आता दिसतंय. खालची कड बसली, वर मात्र फट. जुन्या बॉडीत दोन बाजूंमध्ये पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज असतो. एखादं क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा, कधी काळी ठोकून सरळ केलेलं असेल, तर त्याहून जास्त. म्हणून दोन्ही बाजूंचे फर्मे वेगळे.

पुढची परीक्षा बिजागरीची. या गाडीत झाकणाचे दोन वाकडे दांडे बंद होताना डिकीच्या आत शिरतात. फर्मे जागेवर ठेवून झाकण अगदी सावकाश खाली आणायचं. इथे उजव्या दांड्याने पुठ्ठा चेपला. त्या जागी दांड्याभोवती 10 मिलिमीटर मोकळे सोडून खाच घेतली. हीच गोष्ट मढवलेल्या फळीवर कळली असती, तर फळीच नव्याने करावी लागली असती.

आणि एक गंमत : डिकीचं तोंड आतल्या रुंदीपेक्षा लहान असतं. तळाची अखंड फळी कितीही नेमकी कापा, ती आतच जात नाही. म्हणून तळ दोन तुकड्यांत. सांधा अशा ठिकाणी, की मागचा तुकडा उचलला की स्टेपनी थेट बाहेर निघावी.

(दृश्य : जिगसॉ. प्लायच्या कडांवर ब्रश.)

तळाला 12 मिलिमीटर प्लाय, बाजूंना 3 किंवा 4. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी, कापायला सोपं आणि गुळगुळीत, पण ओल लागली की कडा फुगतात, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. प्लायलाही दोन्ही अंगांना आणि कडांना वॉर्निश हवंच.

फळी फर्म्याइतकीच कापली तर मढवल्यावर बसणार नाही. रेक्झिन 1 मिलिमीटरचं. दोन फळ्या भेटतात तिथे दोन्हींचं मिळून 2, वर हालचालीला 1. म्हणजे सांध्याला 3 मिलिमीटर मोकळे. जाड गालिचा असेल तर त्याच्या जाडीने हिशेब बदलतो.

फळ्या धरायला प्लास्टिकच्या क्लिपा, शक्यतो कारखान्याच्याच भोकांत. नवं भोक पाडण्यापूर्वी पत्र्यामागे काय आहे ते हात घालून बघायचं. मर्सिडीझ डब्ल्यू 123 मध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटमागे उभी असते. मूळ मिनीत डिकीच्या डाव्या अंगाला टाकी, तळात बॅटरी. बीटलची तर सामानाची जागाच पुढे, आणि टाकीही तिथेच. बॅटरी डिकीत असेल, तर तिच्यातून निघणारा वायू बाहेर नेणारी नळी अस्तराने दाबली जाता कामा नये. तो हायड्रोजन आहे.

(दृश्य : रेक्झिनवर खडूच्या तिरक्या रेघा. शिलाई मशीन अगदी जवळून.)

शंकरपाळ्याची शिलाई. दोन रेघांत 50 मिलिमीटर अंतर. खाली 6 मिलिमीटर फोम, त्याच्या पाठीला जाळीचं कापड, नाहीतर दोरा फोम कापत जातो. शिलाईने कापड आटतं, मीटरमागे तीन-चार सेंटिमीटरपर्यंत. त्यामुळे चारही बाजूंना 75 मिलिमीटर जादा ठेवायचं. मधल्या रेघेपासून बाहेरच्या दिशेने, आधी एका तिरक्या दिशेच्या सगळ्या टिपा, मग दुसऱ्या. वॉकिंग फूट मशीन यासाठीच लागतं. ते वरचा आणि खालचा थर एकत्र पुढे सरकवतं. साध्या मशीनवर वरचं रेक्झिन मागे राहतं, आणि शेवटच्या ओळीतले शंकरपाळे वाकडे होतात.

टाका 4 ते 5 मिलिमीटरचा. बारीक घेतला तर रेक्झिनला टपालाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि ताण आला की ते तिथेच फाटतं. दोरा बॉन्डेड नायलॉन किंवा पॉलिएस्टर, सुई 110 नंबरची. इथे चुकलेली टीप उसवून उपयोग नाही, कारण भोक राहतं. तुकडा बेतून कापण्यापूर्वी कापण्याच्या रेषेच्या आत 5 मिलिमीटरवर सगळीकडून एक टीप फिरवून घ्यायची, नाहीतर कापताच प्रत्येक तिरकी टीप टोकापासून सुटायला लागते.

(दृश्य : गोंदाची फवारणी, मास्क. मग एक कोपरा, जवळून.)

उन्हात उभ्या गाडीची बंद डिकी चांगलीच तापते. साधा स्प्रेचा गोंद त्या उष्णतेत सुटतो आणि मढवलेलं कापड फुग्यांनी भरतं. उष्णता सोसणारं, रेक्झिनला चालणारं कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हच हवं. रेक्झिनमधलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला लवचीक ठेवणारं रसायन, हळूहळू झिरपून साध्या गोंदाला मऊ करतं. दोन्ही पृष्ठभागांना हात मारायचा आणि थांबायचं. बोट टेकवलं की चिकट लागेल पण बोटाला गोंद येणार नाही, तेव्हा जोडायचं. दमट हवेत गोंदावर पांढुरकी साय येते. ती दिसली तर जोडू नये, ती पकडत नाही.

मढवणं मध्यापासून कडेकडे. 25 मिलिमीटर कापड मागे वळतं, तिथला फोम काढून टाकलेला. आता हा कोपरा. आधी मधोमध ओढून एक बोट चिकटवलं. मग दोन्ही अंगांना छोट्या चुण्या, प्रत्येक चुणीचा वरचा भाग कातरीने उडवलेला, कातर कडेपासून 3 मिलिमीटर अलीकडे थांबलेली. तेवढं अंतर सोडलं नाही तर काप पुढून दिसतो. हीट गनने किंचित ऊब. जास्त झाली की रेक्झिनचा दाणा सपाट होऊन चकाकतो, आणि तो डाग जात नाही. गालिच्याच्या तुकड्यांमागे लवेच्या दिशेचा बाण असतो. एक तुकडा जरी उलटा लागला, तरी उन्हात दोन रंग दिसतात.

(दृश्य : झाकणाची फळी बसते. झाकण वर उभं.)

झाकणाच्या आतल्या फळीला 3 मिलिमीटर प्लाय आणि पातळ फोम. झाकण तोलणाऱ्या स्प्रिंगा मूळ वजनासाठी आहेत. दीड-दोन किलो वाढले तर झाकण वर टिकत नाही, डोक्यावर येतं. एकूण वजनही वाढतंच, तळाची प्लाय चौरस मीटरला 8 किलोच्या आसपास भरते. जिथे मूळपणाला गुण असतात अशा स्पर्धेत ते गुण जातील. जुना मॅट गुंडाळून ठेवला आहे.

बसवण्याचा क्रम : आधी दोन्ही बाजू, मग सीटमागची फळी, शेवटी तळ, जो सगळ्यांचे खालचे काठ दाबून धरतो. मागच्या दिव्यांसमोर बाजूच्या फळीत हाताएवढी झडप ठेवली आहे, वेल्क्रोची. तिच्यातून बल्ब बदलता येतो आणि होल्डरच्या मागे हवा खेळती राहते. फळ्यांच्या पाठीवर 1 ते 7 आकडे आहेत. काढताना 7 पासून सुरू करायचं.