स्टोनवेअरच्या जगाची तारीख आणि जगाचा तळ

श्रोतेहो, नमस्कार.

जुने जर्मन स्टोनवेअरचे जग, म्हणजे कडक भाजलेल्या, दगडासारख्या टणक मातीची कानवाली पेयपात्रे, जमवू लागलेला माणूस आधी जगाच्या पोटावरचे साल वाचतो आणि पुष्कळदा तिथेच फसतो. ऱ्हाइनकाठच्या प्रदेशातील कुंभारांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत घडवलेल्या या जगांवरच्या ढाली, फुले आणि दाढीवाले चेहरे वेगळ्या साच्यात दाबून मग चिकटवलेले असत. साल कोरलेले असे ते साच्यात, आणि साचा वर्षानुवर्षे वापरात राही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील वेस्टरवाल्ड भागात आणि आज बेल्जियममध्ये असलेल्या रेरेन गावात जुन्या नमुन्यांच्या हुबेहूब प्रतिकृती निघाल्या, त्याही जुन्या सालांसकट.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की जग हाती येताच कथलाचे झाकण सांभाळून तो उलटा करावा. फिरत्या चाकावरून तारेने कापून काढलेल्या भांड्याच्या तळावर एका कडेकडे ओढल्यासारख्या, एकात एक वळलेल्या रेषा दिसतात आणि आत बोट फिरवले तर कुंभाराच्या बोटांचे वळसे हाताला लागतात. साच्यातून काढलेल्या प्रतिकृतीचे पोट आतून गुळगुळीत असते. तिच्या तळावर कधी नमुन्याचा क्रमांकही दाबलेला आढळतो.

मग झिलईकडे वळावे. भट्टी सुमारे १२०० अंश सेल्सियसपर्यंत तापली की कुंभार तीत मीठ टाकत, आणि मिठाच्या वाफेतील सोडियमचा मातीतील सिलिकाशी संयोग होऊन भांड्यावर काचेचा पातळ थर चढे. त्यावरचे बारीक खळगे संत्र्याच्या सालीसारखे दिसतात. वाफ सगळीकडे सारखी पोहोचत नसल्याने एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद राहते, शेजारच्या भांड्याचा व्रणही उमटतो. मला तरी हे व्रण नक्षीइतकेच मोलाचे वाटतात. ऱ्हाइनकाठच्या प्रदेशातील कुंभारांच्या गावांपैकी झीगबुर्गचा जग फिकट पांढुरका, फ्रेखनचा तपकिरी ठिपक्यांचा, तर वेस्टरवाल्डचा राखाडीवर कोबाल्टच्या निळ्या रंगाचा.

काळ ठरवायला बुडालेली जहाजे फार उपयोगी पडतात. १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलेल्या 'बाटाव्हिया' या डच जहाजाच्या अवशेषांत दाढीवाले जग सापडले, आणि ते त्या सालानंतरचे असूच शकत नाहीत. आपल्या हातातील चेहरा अशा जगांशी ताडून पाहावा, कारण सतराव्या शतकात हे चेहरे उत्तरोत्तर ओबडधोबड होत गेले. नव्या संग्राहकाने सुरुवातीला कान तुटलेला, पण तळ शाबूत असलेला अस्सल जग घ्यावा. तो स्वस्त पडतो आणि तपासायला शिकवतो.