पाडण्याआधी सांगा

नमस्कार श्रोतेहो.

रोलर कोस्टरमध्ये एकदा जरी बसला असाल तरी एक आवाज तुमच्या लक्षात असणार. गाडी पहिला मोठा चढ चढायला लागते आणि खालून येतं टक, टक, टक, टक. पोटात गोळा येतो तो तिथेच. उताराला लागल्यावर ओरडायचं असतं, भीती वाटायची ती चढावर वाटून झालेली असते.

बहुतेकांना वाटतं हा साखळीचा आवाज. तसं नाही. चढावर रुळांच्या मधोमध दातेरी लोखंडी पट्टी असते आणि डब्याखाली एक खिटी. गाडी वर सरकते तशी खिटी एकेका दात्यावर चढते आणि पलीकडच्या खाचेत पडते. साखळी तुटलीच तर गाडी मागे घरंगळू नये, म्हणून केलेली ही सोय. म्हणजे ज्या आवाजानं आपलं काळीज धडधडतं, तो आपल्याला सांभाळणारा आवाज असतो. आता अनेक नव्या राइड्समध्ये हा आवाज दाबलेला असतो. काहींमध्ये चढच नसतो, चुंबकाच्या जोरावर गाडी एका दमात फेकली जाते. जुनी राइड गेली की तिच्याबरोबर हा आवाजही जातो, आणि तो जाऊ नये असं वाटणारी माणसं जगभर आहेत. अमेरिकेत तर 1978 सालापासून रोलर कोस्टरच्या चाहत्यांची संघटना आहे, ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअस्ट्स’ या नावाची. उन्हाळ्याच्या सुट्या एकेका राइडसाठी राखून ठेवणारी ही मंडळी.

या मंडळींमध्ये एक वाद कधी मिटत नाही. जुनी झालेली राइड पाडावी की राखावी? एक बाजू म्हणते, पार्क म्हणजे संग्रहालय नव्हे. जागा मर्यादित आहे, जुनी हलेल तेव्हाच नवी येईल. दुसरी म्हणते, आमच्या आईवडिलांनी जिच्यात बसून किंकाळ्या मारल्या ती तुम्ही भंगारात काढताय. मी या वादात कुठे उभा आहे ते सांगतोच, पण आधी ‘जुनी’ म्हणजे काय ते बघू. कारण घोळ तिथेच आहे.

किंग्डा का नावाचं रोलर कोस्टर अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका पार्कमध्ये 2005 साली सुरू झालं. उंची 139 मीटर, तेव्हा जगात सर्वांत जास्त. वेग ताशी 206 किलोमीटर, आणि तो अवघ्या साडेतीन सेकंदांत गाठायचा. 28 फेब्रुवारी 2025 ला सकाळी सुरुंग लावून ते पाडलं. वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आता दुसरं टोक बघा. पेनसिल्व्हेनियात अल्टूना गावी ‘लीप द डिप्स’ नावाचं लाकडी कोस्टर आहे, 1902 सालचं. उंची साडेबारा मीटरच्या आत, वेग ताशी जेमतेम 16 किलोमीटर. सायकलवाला त्याला मागे टाकेल. 1985 साली ते बंद पडलं. पण लोकांनी नाद सोडला नाही, पैसे उभे केले, आणि चौदा वर्षांनी, 1999 मध्ये, त्यावर पुन्हा गाडी धावली.

तेव्हा राइडचं वय कॅलेंडरवर मोजून चालत नाही. किंग्डा काची गाडी हायड्रॉलिक यंत्रणेच्या जोरावर सुटायची. एवढ्या अवजड गाडीला इतक्या कमी वेळात इतका वेग द्यायचा, दिवसातून शेकडो वेळा. ती यंत्रणा हट्टी होती, वरचेवर बंद पडायची, आणि लोक तासन्‌तास रांगेत ताटकळायचे. लीप द डिप्सच्या लाकडाला असला ताण ठाऊकच नाही.

लाकूड आणि पोलाद म्हातारं होतं तेही निरनिराळ्या तऱ्हेनं. लाकडी कोस्टरवर रोज सकाळी, पार्क उघडायच्या आधी, माणसं रुळावरून चालत जातात. खालून वर, वरून खाली, पूर्ण लांबी. कुठे बोल्ट ढिला झालाय, कुठे फळी चिरलीय, कुठे लोखंडी पट्टी उचललीय, डोळ्यांनी बघायचं, हातोडी मारून आवाज ऐकायचा. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. खराब फळी काढायची, नवी बसवायची. वर्षानुवर्षं असं करता करता मूळच्या लाकडातलं फारच थोडं उरतं, तरी कोस्टर तेच राहतं. वाड्याचे वासे बदलत राहावेत आणि वाडा उभा असावा, तसं. पोलादाचं असं नसतं. तारेला सारखा पीळ देत राहिलं की ती एके दिवशी तुटते, तसाच लाखो फेऱ्यांचा ताण पोलादात साठत जातो. जोडाच्या ठिकाणी केसासारखी बारीक भेग पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, चुंबकीय भुकटी टाकून किंवा ध्वनिलहरी सोडून शोधावी लागते. पोकळ नळ्या आतून गंजतात ते वेगळंच. आणि पोलादाचा रूळ फळीसारखा सुटा करून बदलता येत नाही, बदलायचा तर मोठमोठे तुकडेच नवे घडवावे लागतात.

त्यातून बनवणारी कंपनीच बुडाली असेल तर? कॅलिफोर्नियातल्या ॲरो कंपनीनं 1959 साली डिस्नीलँडसाठी पोलादी नळीच्या रुळांचं पहिलं कोस्टर बनवलं. आजची पोलादी कोस्टर्स त्याच घराण्यातली. ही कंपनी 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. ओहायोतल्या किंग्ज आयलंड पार्कमधलं व्होर्टेक्स तिचंच, 1987 सालचं. प्रवाशाला सहा वेळा उलटं करायचं, त्या काळचा तो विक्रम होता. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये ते बंद झालं. मला त्याचं वाईट वाटलं, पण खरं तेच बोललं पाहिजे. त्या पिढीच्या कोस्टर्सची वळणं आजच्याइतकी गुळगुळीत नसतात. गाडी वळणात शिरली की खांद्यावरच्या दांड्यावर कान आपटतात. आपण आठवणीच्या ओढीनं बसतो, पण पहिल्यांदा बसलेलं पोर डोकं धरून उतरतं, त्याला काय सांगायचं?

सुरक्षेच्या बाबतीत तर माझं मत पक्कं आहे. तो चाहत्यांच्या मतदानाचा विषय नव्हे. तपासणाऱ्या अभियंत्यानं नको म्हटलं की नको, मग राइड शंभर वर्षांची असो की आठ वर्षांची. आठ हा आकडा उगीच नाही घेतला. अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कमध्ये फ्युरी 325 नावाचं पोलादी कोस्टर 2015 साली सुरू झालं. 30 जून 2023 ला एका पाहुण्याचं लक्ष खांबाच्या वरच्या टोकाकडे गेलं. गाडी वरून गेली की खांब जोडाशी चक्क सरकत होता, भेगेतून पलीकडचं आकाश दिसत होतं. त्यानं व्हिडिओ काढला, पार्कला कळवलं, राइड थांबली, खांब बदलला आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली. आठ वर्षांच्या राइडला भेग पडते आणि शंभर वर्षांची ठणठणीत चालते. ‘जुनी म्हणून धोकादायक’ असं सरसकट कुणी म्हणायला लागलं की मला ही गोष्ट आठवते.

माझं भांडण पाडण्याशी नाही. न विचारता, न सांगता, दुसरा काही मार्ग आहे का ते न बघता पाडण्याशी आहे.

मार्ग असतात. इंग्लंडमध्ये अल्टन टॉवर्स पार्कला नेमेसिस नावाचं कोस्टर आहे, 1994 सालचं. झाडांच्या शेंड्यांवर बांधकाम जाऊ द्यायचं नाही असा तिथला दंडक. म्हणून त्यांनी कोस्टर वर न्यायच्या ऐवजी जमीनच खाली नेली, खडक फोडून खड्डे खणले आणि त्या घळीतून रूळ फिरवला. गाडी दरडीला घासून जाते असं वाटतं. अठ्ठावीस वर्षांनी रूळ थकला. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये राइड बंद केली, रूळ जवळजवळ सगळा नवा घडवला, तीच वळणं, तीच घळ, आणि मार्च 2024 मध्ये पुन्हा सुरू केली. साप कात टाकतो तसं. मी याला वाचवणंच म्हणतो. पोलाद बदललं असेल, पण माणसाच्या पोटात जिथे खड्डा पडायचा तिथेच आजही पडतो.

दुसरा मार्ग सांगाडा ठेवून रूळ बदलण्याचा. ओहायोतल्याच सीडर पॉइंट पार्कमधलं मीन स्ट्रीक हे अजस्र लाकडी कोस्टर इतकं खडखडायचं की लोक त्याच्या वाटेला जाईनात. त्याच्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ चढवला आणि 2018 साली ते स्टील व्हेंजन्स म्हणून उघडलं. आज त्याच्यासाठी लोक दूरदूरहून येतात. लाकडाचे कट्टर चाहते यावरही नाराज आहेत. लाकडी रुळावरची ती हलकी थरथर, गाडी जिवंत असल्यासारखी वाटणं, ते गेलं असं म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण मीन स्ट्रीकच्या बाबतीत नाही. एखादं लाकडी कोस्टर आपल्या जातीतलं शेवटचं असेल, तर मात्र त्यावर पोलाद चढवायला माझा ठाम विरोध राहील.

आणि तिसरा मार्ग, तो मला सर्वांत आवडतो. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला 1947 सालचं रॉकेट नावाचं लाकडी कोस्टर होतं. 1980 मध्ये पार्क बंद पडलं आणि कोस्टर ओसाड जागेत उभं राहिलं. पेनसिल्व्हेनियातल्या क्नोबेल्स पार्कच्या लोकांनी ते विकत घेतलं. एकेका लाकडावर खूण केली, आकडा टाकला, सगळं सुटं करून दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर नेलं आणि आकडे बघून पुन्हा जोडलं. नाव ठेवलं फीनिक्स. 1985 सालापासून ते तिथल्या झाडीत धावतंय. त्या ट्रकमधून उतरवलेल्या लाकडांच्या राशींची मी पुष्कळदा कल्पना करतो. हातात कागद घेऊन कुणी तरी ओरडत असेल, अमुक आकड्याची फळी कुठेय रे?

आता न सांगता पाडण्याबद्दल. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या प्लेझर बीच या पार्कमध्ये एक राइड 1904 पासून फिरते आहे, सर हायरम मॅक्सिम यांचं कॅप्टिव्ह फ्लाइंग मशीन. मधे उंच खांब आणि त्याला टांगलेले पाळणे. तिथल्या लोकांनी ती जपली, त्याबद्दल त्यांना मनापासून दाद द्यायला हवी. त्याच पार्कमध्ये 1958 सालचं वाइल्ड माउस होतं. लाकडी वाइल्ड माउस जगात मोजकीच उरली होती. छोटा डबा, काटकोनातली वळणं, डब्याचं नाक कडेबाहेर जायचं आणि वाटायचं की गेलो आता खाली. 2017 चा हंगाम संपला, आणि जानेवारी 2018 मध्ये लोकांना कळलं ते पाडापाडी सुरू झाल्यावर. कुणाला शेवटचं बसता आलं नाही. आपण शेवटचं बसतोय हे बसणाऱ्यांना माहीतच नव्हतं.

किंग्डा काचंही तेच. गाडी शेवटची धावली 10 नोव्हेंबर 2024 ला आणि ती पुन्हा सुटणार नाही हे जाहीर झालं चार दिवसांनी. व्होर्टेक्सच्या बाबतीत पार्कनं साधारण महिनाभर आधी सांगितलं होतं. या एका महिन्यानं पार्कचं काय बिघडलं? काही नाही. लोकांना मात्र येऊन निरोप घेता आला.

पार्कवाले कधी म्हणतात, आधी सांगितलं की आंदोलनं होतात. होतात. फ्लोरिडाच्या डिस्नी पार्कमधली मिस्टर टोडची राइड बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा चाहते टी-शर्ट छापून पार्कात जमायला लागले. तरी 7 सप्टेंबर 1998 ला ती बंद झालीच. तीच राइड कॅलिफोर्नियात 1955 पासून अजून सुरू आहे हे त्यातल्या त्यात समाधान. डिस्नीलँड कधीच पूर्ण होणार नाही, जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर ते वाढत राहील, असं वॉल्ट डिस्नी म्हणाले होते, आणि बदलाच्या बाजूचे लोक ते वाक्य नेहमी तोंडावर फेकतात. वाक्य खरं आहे. पण वाढणं वेगळं आणि एक काढून दुसरं बसवणं वेगळं.

आंदोलनांनी कधी कधी मिळतंही. इंग्लंडच्याच मार्गेट गावी 1920 सालची सीनिक रेल्वे, नाव रेल्वेचं पण आहे लाकडी रोलर कोस्टर. पार्क मोडीत निघण्याची चिन्हं दिसताच 2003 पासून लोकांनी ती वाचवण्याची मोहीम चालवली. 2008 मध्ये तिला आग लागली. तरी मोहीम थांबली नाही आणि 2015 मध्ये त्या रुळावरून पुन्हा गाडी गेली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचं 1927 चं सायक्लोन पाडून शेजारच्या मत्स्यालयाला जागा द्यायची असं घाटत होतं, तेही लोकांनीच रोखलं. 1988 मध्ये शहरानं त्याला वारशाचा दर्जा दिला. जवळच्याच थंडरबोल्टच्या नशिबी ते नव्हतं. ते 1982 पासून बंद होतं, त्याच्यावर वेली चढल्या होत्या, 2000 साली शहरानं ते पाडलं.

मेलबर्नच्या ल्युना पार्कमधल्या 1912 सालच्या सीनिक रेल्वेवर आजही गाडीच्या मधोमध एक माणूस उभा असतो. ब्रेक त्याच्या हातात. कुठे दांडा ओढायचा, किती ओढायचा हे तो हातानं ओळखतो. हे काम पुस्तकातून शिकता येत नाही. शिकवायला आधीचा ब्रेकवाला लागतो आणि शिकायला चालती राइड लागते.

श्रोतेहो, मी पडलो रेडिओचा माणूस, तेव्हा एक काम सांगतो. तुमच्या आवडीची एखादी जुनी राइड असेल तर तिचा आवाज नोंदवून ठेवा. बसताना फोन हातात नको. बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि निसटलेला फोन खाली कुणाच्या तरी डोक्यात बसतो. कुंपणाबाहेर, पहिल्या चढाच्या पायथ्याशी उभे राहा. गर्दी कमी असते तेव्हा, सकाळी. गाडी पायथ्याला लागली की नोंदवायला सुरुवात करा आणि माथ्यावर टक-टक थांबल्यावरही लगेच बंद करू नका. मधे एक क्षण सगळं शांत होतं. मग वरून किंकाळ्या येतात. तेवढं सगळं घ्या, आणि फायलीला राइडचं नाव आणि तारीख द्यायला विसरू नका.

नमस्कार.