आदिविश्व सर्व दिशांना सारखे होते का?

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी १२०७ मध्ये मठ स्थापन केल्याची नोंद आहे. आकाशाचे गणित शिकवणाऱ्या या खानदेशातून आज आपण विश्वाच्या सर्वांत जुन्या प्रकाशाकडे पाहणार आहोत.

विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना मोकळा झालेला हा प्रकाश आता सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व बाजूंनी येतो. त्याचे तापमान २.७२५ केल्विन असून त्यातले मूळचे चढउतार लाखात एका भागाइतके आहेत. सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने धावत असल्यामुळे पुढची बाजू किंचित उष्ण दिसते. हा आपल्याच गतीचा परिणाम असल्याने तो आधी वजा करावा लागतो.

काळ्या जमिनीतल्या कपाशीच्या शेतात कोणतीही दोन झाडे सारखी नसतात, पण जमीन एकसारखी असेल तर कोणत्याही कोपऱ्यात बोंडांची सरासरी आणि तिच्यातला कमीजास्तपणा साधारण तोच येतो. आदिविश्वाच्या सारखेपणाचा अर्थही एवढाच आहे: तापमानाच्या चढउतारांचे ठिपके वेगळे असावेत, त्यांची संख्याशास्त्रीय घडण मात्र दिशेनुसार बदलू नये. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेमध्ये अमीर हाजियन आणि तरुण सौरदीप यांनी २००३ मध्ये हे मोजण्याची एक गणिती पद्धत मांडली, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा.

तोरणमाळच्या पठारावरून अंधाऱ्या रात्री दिसणारा आकाशगंगेचा सुंदर पट्टा या मोजणीत मात्र मोठा अडथळा ठरतो, कारण तिथली धूळ आणि वायू स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतात आणि तेवढा भाग झाकून उरलेल्या आकाशावरच गणित करावे लागते.

हा प्रकाश मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप या उपग्रहाच्या नोंदींत, मोठ्या कोनांवर, म्हणजे आकाशात दूरवर पसरलेल्या ठिपक्यांमध्ये, आकाशाच्या एका अर्ध्या भागातले चढउतार दुसऱ्यापेक्षा अधिक आढळले. पुढे प्लँक या वेगळ्या उपकरणांच्या उपग्रहालाही तेच दिसल्याने केवळ यंत्राचा दोष म्हणून ते बाजूला सारता येत नाही. तरीही सावध राहिले पाहिजे, कारण ही दिशा आकाश पाहून झाल्यावर निवडलेली आहे आणि ताडून पाहायला दुसरे विश्व उपलब्ध नाही.

म्हणूनच या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाला, म्हणजे त्याच्या लहरी एका ठरावीक दिशेत अधिक कंप पावण्याला, महत्त्व आहे, कारण ते तापमानापेक्षा बऱ्याच अंशी स्वतंत्र असा पुरावा देते. प्लँकच्या २०१८ च्या ध्रुवीकरण-नोंदींत या विषमतेला निःसंदिग्ध दुजोरा मिळाला नाही. मात्र मोठ्या कोनांवरचा ध्रुवीकरणाचा संकेत अतिशय क्षीण असल्याने, निर्णायक चाचणीसाठी अधिक संवेदनशील उपकरणांनी जवळजवळ संपूर्ण आकाश पुन्हा मोजावे लागेल.