पहिली रायफल घेण्याआधी

[दृश्य: सातारा, पोवई नाका. सकाळची वर्दळ, क्लासला निघालेली मुलं.]

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरूच्या रेंजवर चालू होती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांवर तिसरा आला. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली.

त्या दिवसापासून सातारा, कराड, फलटण, वाई, जिथे जावं तिथे पालक एकच विचारतात. रायफल कितीला पडते?

आकडे आधीच सांगून टाकू, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. मुलांची सुरुवात होते ती दहा मीटर एअर रायफलने, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारणाऱ्या रायफलने. त्यातली नवी जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल दोन-अडीच लाखांच्या पुढेच जाते. देशी बनावटीची, हवेच्या सिलिंडरवर चालणारी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, लाखाच्या आसपास किंवा आत बसते. नळी वाकवून भरायची स्प्रिंगची एअर रायफल दहा-वीस हजारांत येते. जॅकेट, ट्राउझर, ग्लोव्ह, बूट हा खर्च वेगळा.

एवढं ऐकून बरेच पालक उठतात. काही जण पतसंस्थेची पायरी चढतात. दोघांनाही आमची विनंती आहे की जरा थांबा. पहिले सहा महिने काहीच विकत घ्यायचं नाही.

[दृश्य: पत्र्याच्या शेडमधली रेंज. चार लेन. दोरीवर पुढे-मागे जाणारी कागदी टार्गेट.]

जिल्ह्यात जिथे रेंज आहे तिथे क्लबची रायफल असते. ती जुनी असेल, दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) कुणाच्या तरी खांद्याला बसवलेला असेल, पण शिकायला ती पुरते. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल तर एनसीसीत नाव घाला. तिथे काडतुसाची .२२ रायफल झोपून चालवायला मिळते आणि गोळीचा खर्च घरच्यांवर येत नाही. आपला जिल्हा फौजेचा. अपशिंग्यासारख्या गावात घरटी माणूस सैन्यात गेलेला. रायफल आयुष्यभर हाताळलेला निवृत्त सुभेदार आपल्याच आळीत राहत असतो आणि मुलांना शिकवायला त्याची ना नसते. फौजेतलं फायरिंग आणि दहा मीटरची मॅच यांत फरक आहे, तरी हत्याराला हात कसा लावायचा ही शिस्त त्याच्याइतकी कुणी शिकवणार नाही. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. लेनवरून उठताना नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची रंगीत खूण. रायफल रिकामी आहे असं कुणी सांगितलं तरी स्वतः उघडून बघायची.

या सहा महिन्यांत आणखी एक गोष्ट ठरते, रायफल की पिस्तूल. खर्चाचा विचार असेल तर हा निर्णय फार मोठा आहे आणि त्याच्याबद्दल पालकांशी कुणी धड बोलत नाही. रायफलवाल्याला कॅनव्हास आणि चामड्याचं कडक जॅकेट लागतं, ट्राउझर लागते, वाढत्या वयात ती दोन वर्षांत आखूडही होते. पिस्तूलवाल्याला यातलं काही लागत नाही. सपाट तळाचे बूट, साधे कपडे आणि एक हात. पिस्तूल दीड किलोच्या आतलं असतं. त्याच्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, रायफलचं मात्र अर्ध्या मिलिमीटरचं. म्हणून पिस्तूल सोपं असा अर्थ कुणी काढू नये. एका हातावर तोललेलं वजन पाऊण-एक तास स्थिर ठेवणं ही वेगळीच परीक्षा आहे. पण घरची ऐपत बेताची आणि मुलाचा कल दोन्हीकडे सारखा असेल, तर पिस्तूल निवडा असं आम्ही स्पष्ट सांगू.

[दृश्य: घरातली खोली. अकरावीतली मुलगी रायफल घेऊन कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी.]

ही मुलगी काय करतेय ते नीट बघा. नळीत छर्रा नाही, सिलिंडरची हवा वापरली जात नाही. रायफलला ड्राय फायरची, म्हणजे काही न उडवता नुसता ट्रिगर दाबायची, सोय आहे. ट्रिगर दाबला की टिक असा आवाज येतो, बस्स.

पहिली दहा मिनिटं समोर फक्त पांढरी भिंत. साईटमधून, म्हणजे नेम धरायच्या खुणेतून, काहीच दिसत नाही, त्यामुळे लक्ष शरीराकडे जातं. डावं कोपर बरगडीवर टेकलंय का, वजन दोन्ही पायांवर आहे का, मान वाकडी होतेय का. मग भिंतीवर काळा ठिपका येतो. खऱ्या रायफल टार्गेटचा काळा भाग साडेतीस मिलिमीटर व्यासाचा असतो आणि तो दहा मीटरवर असतो. खोलीत तीन मीटरच जागा आहे, म्हणून ठिपका नऊ मिलिमीटरचा कापलाय. कागद, कात्री, डिंक, एवढ्यात काम झालं. ठिपक्याची उंची जमिनीपासून १.४ मीटर, खऱ्या टार्गेटइतकीच. टिक झाल्यावर ती लगेच रायफल उतरवत नाही. दोन-तीन सेकंद तशीच बघत राहते, ट्रिगर दाबताना साईट कुठे सरकली ते कळावं म्हणून. सरकली असेल तर वहीत लिहिते. डावीकडे, खाली, जिकडे गेली तिकडे.

नेमबाजीतला सर्वात मोठा फायदा या फुकटच्या सरावात आहे. जो रोज अर्धा तास ड्राय करतो, तो आठवड्यातून दोनदा रेंजवर गेला तरी पुढे जातो. छऱ्यांचे डबेच्या डबे संपवणारा पण भिंतीसमोर कधी उभा न राहणारा मुलगा एका गुणसंख्येवर अडकून बसतो आणि घरचे म्हणतात, चांगली रायफल घेऊन देऊ. रायफलीत काही कमी नसतं.

एक धोक्याची सूचना इथेच. हा टिकचा सराव स्प्रिंगच्या रायफलवर करू नका. छर्रा नसताना स्प्रिंग सोडली की पिस्टन पुढे जाऊन जोरात आदळतो, सील फाटतं. स्प्रिंगची रायफल ताणून तशीच ठेवणंही वाईट, स्प्रिंग मरते. घरी स्प्रिंगचीच असेल तर ती न ताणता नुसती धरून उभं राहा, होल्डिंग करा. तेही खूप झालं.

स्प्रिंगच्या रायफलीला नाकं मुरडणारे आहेत. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साईट (नळीवरच्या साध्या खाचेतून नेम धरायचा) हा वेगळा प्रकार असतो आणि तिथे ती चालते. अनेक मुलांची सुरुवात तिथूनच होते.

[दृश्य: टेबलावर जुनी मॅच रायफल. कॅमेरा सिलिंडरवरच्या कोरलेल्या अक्षरांवर जातो.]

सहा महिने झाले, मुलगी टिकली, सर म्हणाले आता स्वतःची हवी. मग जुनी बघा. पुण्यात, कोल्हापुरात चांगल्या रायफली हातोहात विकल्या जातात. कुणी नोकरीला लागलं, कुणी खेळ सोडला, कुणी वरची घेतली.

बघायला गेलात की लाकूड चकाकतंय का हे शेवटी बघा. पहिली नजर सिलिंडरवर. त्याच्यावर बनवल्याची तारीख आणि वापराची मुदत कोरलेली असते. अनेक कंपन्यांच्या सिलिंडरना दहा वर्षांची मुदत आहे. त्यात दोनशे बार दाबाची हवा भरलेली असते, म्हणजे ट्रकच्या टायरच्या वीस-पंचवीस पट. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत उपकरण तपासणीत अडकू शकतं आणि घरात ते धोक्याचं असतं. नवं घ्यायचं म्हणजे हजारो रुपये. सौद्यात पंधरा हजार वाचले म्हणून खूश झालेला माणूस सिलिंडर बदलताना तेवढेच घालवून बसतो.

दुसरं, सिलिंडर भरून गेजचा आकडा लिहून ठेवा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी काटा उतरला असेल तर कुठेतरी सील गळतंय. विकणारा रात्रभर थांबायला तयार नसेल तर तो सौदा सोडा. तिसरं, रायफल बैठकीवर नीट बांधून एकाच जातीच्या छऱ्यांचे दहा शॉट मारायला सांगा. दहाही एकाच भोकात गेले पाहिजेत. भोक पसरलं तर नळीचं तोंड किंवा छऱ्यांची जात तपासायला लागेल. शेवटी बिल आणि आधीच्या मालकाचं सहीचं पत्र घ्या.

[दृश्य: रेंजच्या कोपऱ्यात हातपंप. एक मुलगा हवा भरतोय.]

हवेबद्दल हात जोडून एक सांगायचं आहे. एमआयडीसीत वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनची टाकी असते, दाबही भरपूर असतो, म्हणून तिथून रायफल भरून घेऊ असं कुणाच्याही डोक्यात येऊ शकतं. ते कधीही करू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा अंश पुरतो आणि सिलिंडर तोंडासमोर फुटतं. भरायची ती साधी, कोरडी हवा, पाणबुड्याच्या टाकीतून किंवा पाणी अडवणारा फिल्टर असलेल्या हातपंपातून. पंप मारताना मधे थांबा, तो गार होऊ द्या. घाईत मारलेल्या पंपातून ओल आत जाते. एकदा भरलं की दीड-दोनशे शॉट सहज निघतात. एका साठ शॉटच्या मॅचला आणि सरावाला ते पुरतं.

[दृश्य: जुलै. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेले. पेठेतल्या जुन्या घराची ओल आलेली भिंत.]

साताऱ्यात रायफल बिघडते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात, कपाटातल्या चादरी दमट लागतात आणि आपण रायफल फोमच्या पेटीत घालून पलंगाखाली सरकवतो. फोम पाणी धरून ठेवतो. महिन्याने पेटी उघडली की नळीवर तांबूस ठिपके.

रेंजवरून आल्यावर पेटी लगेच बंद करू नका. हाताच्या घामात मीठ असतं, म्हणून आधी सुती फडक्याने सगळा धातू पुसा. मग फडक्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घेऊन नळीच्या बाहेरून हलका हात फिरवा. घरात असतं म्हणून खोबरेल लावू नका. थंडीत ते थिजतं, नंतर चिकट होतं आणि धूळ धरतं. हवा जिथून जाते त्या भागाजवळ, सीलजवळ, कोणतंही साधं तेल न्यायचं नाही. तिथे सिलिकॉन ग्रीस, तेही जाणकाराकडून.

पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर पाणी प्यायलं. जुन्या पत्र्यावर मंद आचेवर गरम करा, ते पुन्हा निळे होतात आणि पुन्हा वापरता येतात. स्वयंपाकाचा तवा मात्र घेऊ नका, ते रसायन पोटात जाता कामा नये. असा वर्षानुवर्षं जवळजवळ शून्य खर्च.

नळी आतून रोज साफ करायची गरज नसते. दोन-तीन डबे संपले की नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या आत ढकलायच्या, ज्या बाजूने छर्रा भरतो त्याच बाजूने. लोखंडी सळई घालायची नाही. नळीच्या तोंडावर एक ओरखडा आला तरी शॉट फाकतात. ट्रिगरचे स्क्रू मुलांना फिरवू देऊ नका.

छऱ्यांचे डबे पाचशेचे येतात. सरावाला स्वस्त, स्पर्धेला मॅचचे. स्पर्धेचे छर्रे काचेवर घरंगळवून बघा, ज्याचा घेर चेमटलाय तो डगमगत जातो. तो सरावाच्या डब्यात टाका. छर्रा शिशाचा असतो, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय खाण्याला हात नको, मग तो जेवणाचा डबा असो की बिस्किटाचा पुडा.

[दृश्य: रेंजच्या भिंतीमागची लोखंडी तिरकी पत्री, खाली गोळा झालेलं शिसं.]

कायदा थोडक्यात. नळी ४.५ मिलिमीटर आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅच रायफलची ताकद सात-आठ ज्यूलच असते. दुकानदार तुमची ओळख नोंदवून घेतो, कागद जपून ठेवा. एसटीत न्यायची तर बंद पेटीत, रिकामी, बिल आणि नेमबाजी संघटनेचं कार्ड सोबत. पाखरांवर, कुत्र्यांवर छर्रा मारणं हा गुन्हा आहे आणि ज्या मुलाने तसं केलं त्याच्या हातून रायफल काढून घ्या. सात ज्यूलचा छर्रा डोळा कायमचा घालवतो. म्हणून उघड्या गच्चीवर सराव नको. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट, जुन्या वाड्याचा बोळ किंवा रिकामं गोदाम चालतं, पण दोन्ही बाजू बंद आणि मागे छर्रा धरून ठेवणारी पेटी हवीच.

.२२ ची गोष्ट वेगळी. तिथे शस्त्र कायदा १९५९ लागू होतो, स्वतःच्या नावाने परवान्यासाठी वय २१ लागतं, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो आणि काडतुसं महाग असतात. दहा मीटरला राज्य स्तरावर पाय रोवल्याशिवाय त्या वाटेला जाण्याची घाई नको.

रायफलीवर वाचवलेला पैसा कुठे घालायचा, तर स्पर्धेला. जिल्हा स्पर्धा, मग राज्याची कॅप्टन इझिकेल स्पर्धा, पुढे मावळणकर ही अखिल भारतीय स्पर्धा. पुण्याच्या बालेवाडीत लेनवर उभं राहिल्याशिवाय, शेजारी पन्नास अनोळखी मुलं आणि समोर घड्याळ असल्याशिवाय, आपलं मूल दबावात काय करतं ते कळत नाही. प्रवेश शुल्क, एसटीचं भाडं, दोन रात्रींचा मुक्काम, सोबत येणाऱ्या आईचा किंवा बापाचा बुडालेला रोज, हे सगळं धरून वर्षाच्या तीन-चार स्पर्धांचे पैसे आधी बाजूला काढा. जे उरतील त्यातून जॅकेट मापाने शिवून घ्या. रायफल त्यानंतर बघू.