इब्सेन नॉर्वेचा, मग पुस्तकावर कोपनहेगन का? | स्कँडिनेव्हियन साहित्याची पहिली ओळख

नमस्कार मंडळी!

नॉर्वेचा लेखक योन फोस्से याला २०२३ चं साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हापासून एक प्रश्न कमेंटमध्ये सतत येतोय. "ताई, स्कँडिनेव्हियन साहित्याची सुरुवात कुठून करू?" दर वेळी मी दोन ओळींत उत्तर द्यायचे आणि दर वेळी वाटायचं की हे दोन ओळींचं काम नाही. त्यात मागच्या महिन्यात एका मुलाने लिहिलं, "वर्षभर नॉर्वेजियन शिकतोय. आता इब्सेन मुळातून वाचता येईल ना?" इब्सेन म्हणजे एकोणिसाव्या शतकातला नॉर्वेचा नाटककार. आज बसले ती या प्रश्नामुळे. याचं उत्तर नीट द्यायचं तर निम्मा इतिहास त्यातच सांगावा लागतो.

आधी प्राथमिक गोष्टी भरभर उरकते, त्या कुठेही सापडतील. स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. साहित्याचा विषय निघाला की आइसलँड धरावंच लागतं, कारण सगळ्यात जुना खजिना तिथेच आहे. फिनलंडचं काय, असं तुम्ही विचारणार. फिनिश भाषेचं कूळच वेगळं. एलियास ल्योनरोटने लोकगीतं गोळा करून १८३५ साली 'कालेवाला' सिद्ध केलं, ते फिनिशमधलं. पण त्याच फिनलंडच्या राष्ट्रगीताचे मूळ शब्द रुनेबेर्ग या कवीने स्वीडिशमध्ये लिहिलेत. देश एक, लेखनाची भाषा दुसरी, हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

लेखनाची सुरुवात दगडांवर, रून लिपीत. स्वीडनमधला र्योकचा दगड इसवी सन ८०० च्या सुमाराचा. त्यावर सुमारे ७६० अक्षरं कोरलीत आणि त्यांचा अर्थ काय यावर अभ्यासक अजून वाद घालतायत. त्यानंतर एड्डा, म्हणजे जुन्या देवांच्या आणि वीरांच्या कथा-काव्यं. त्यानंतर सागा, म्हणजे आइसलँडच्या लांब गद्य कथा.

एड्डावर जरा थांबते, कारण थॉरच्या सिनेमांमुळे येणाऱ्यांपैकी बरेच जण लिहितात, "व्हायकिंगांनी लिहिलेला ग्रंथ". असं नाही हो. आइसलँड इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती झालं. देवांची काव्यं ज्या मुख्य पोथीत आहेत ती लिहिली गेली १२७० च्या आसपास. म्हणजे मधे पावणेतीनशे वर्षं गेली. काव्यं तोंडी परंपरेतून आली, त्यातली काही खूप जुनी असणार. पण वासराच्या कातड्यावर ती उतरवणारा माणूस ख्रिस्ती होता, बाप्तिस्मा झालेला होता.

मग ख्रिस्ती माणसाने ओडिन आणि थॉरच्या कथा का जपाव्यात? स्नोर्री स्टुर्लुसनचं उत्तर मला फार आवडतं. १२२० च्या सुमारास त्याने गद्य एड्डा लिहिली, ती तरुण कवींसाठी. जुनी कविता वस्तूचं नाव सरळ घेत नाही. जहाज म्हणायचं असेल तर 'समुद्राचा घोडा'. सोनं म्हणायचं असेल तर 'सिफचे केस'. आता सिफ कोण? थॉरची बायको. खोडकर लोकीने तिचे केस कापले, मग थॉरच्या धाकाने बुटक्या कारागिरांकडून सोन्याचे केस करवून आणले. ही गोष्ट ठाऊक नसेल तर ओळ वाचून काहीच कळणार नाही. आपल्याकडे 'चंद्रमौळी' म्हटलं की शंकर डोळ्यांसमोर येतो, कारण गोष्ट आधीच डोक्यात असते. आइसलँडमध्ये ती डोक्यातून जायला लागली होती. कविता कळेनाशी होईल या काळजीने स्नोर्रीने गोष्टी लिहून ठेवल्या, म्हणून त्या आज आपल्या हातात आहेत.

बरं. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे.

मीही काही वर्षांपूर्वी नॉर्वेजियन शिकायला घेतलं होतं, ते इब्सेनचं 'बाहुलीघर' हे नाटक वाचायचं म्हणूनच. कॉलेजच्या नोट्समध्ये 'इब्सेन, नॉर्वेजियन नाटककार' एवढंच लिहिलेलं. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवलीत. तिथे पहिली आवृत्ती उघडली आणि शीर्षकपानावरच अडले. वर नाटकाचं नाव, खाली 'स्कुएस्पिल', म्हणजे नाटक. मी शिकले होते त्यात या शब्दाच्या शेवटी दोन 'ल' असतात, इथे एकच. त्याखाली 'आफ हेन्रिक इब्सेन'. मला शिकवलेला शब्द होता 'आव'. आणि पानाच्या तळाशी क्योबेनहाउन, म्हणजे कोपनहेगन. प्रकाशक ग्युल्देन्दाल. साल १८७९.

कोपनहेगन डेन्मार्कची राजधानी आहे. नॉर्वेच्या सगळ्यात मोठ्या नाटककाराचं सगळ्यात गाजलेलं नाटक डेन्मार्कमध्ये छापलं गेलं, आणि त्याचा पहिला प्रयोगही २१ डिसेंबर १८७९ ला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात झाला. भाषांतर न करता! नॉर्वेत ते आलं पुढच्या जानेवारीत. लिहिलं कुठे? बरंचसं इटलीत, अमाल्फी गावात. इब्सेन १८६४ ते १८९१ अशी सत्तावीस वर्षं देशाबाहेर राहिला. जन्म नॉर्वेतल्या शीएनचा, लेखन अमाल्फीचं, छपाई कोपनहेगनची. म्हणून 'इब्सेन नॉर्वेचा, त्याने नॉर्वेजियनमध्ये लिहिलं' असं एका दमात कुणी म्हटलं की मला राहवत नाही. पहिला भाग खरा. दुसरा भाग उलगडून सांगावा लागतो.

याच मुद्द्यावर एकाने लिहिलं होतं, "किती ताणताय, डॅनिश-नॉर्वेजियन सारखंच तर आहे." सारखं आहे, कबूल. पण सारखं का आहे, हेच तर साहित्याच्या इतिहासात शिकायचं असतं.

तर ऐका. १३८० पासून १८१४ पर्यंत, थोडा अपवाद सोडला तर, नॉर्वे आणि डेन्मार्कवर एकच राजा होता आणि राजधानी कोपनहेगन. धर्मसुधारणा आली तेव्हा बायबल लोकांच्या भाषेत हवं झालं. स्वीडन राजा गुस्ताव वासाच्या हाताखाली डेन्मार्कपासून वेगळं झालेलं, त्यांनी १५४१ साली आपलं स्वीडिश बायबल छापलं. डेन्मार्कने १५५० साली डॅनिश छापलं. नॉर्वेला स्वतःचं मिळालंच नाही, तिथे डॅनिशच वाचलं गेलं. नॉर्वेत पहिला छापखाना आला १६४३ साली. पहिलं विद्यापीठ १८११ साली. पाद्री व्हायचंय? कोपनहेगन. सरकारी नोकरी हवीय? कोपनहेगन. पुस्तक छापायचंय? पुन्हा कोपनहेगन. बोलताना माणूस आपल्या खोऱ्यातली बोली बोलायचा, कागदावर उतरायची डॅनिश.

आता शेजारी आइसलँड बघा. राजा तोच, कोपनहेगनचाच. पण होलारच्या बिशपच्या ठाण्यात छापखाना होता आणि १५८४ साली बिशप गुदब्रांदुरने तिथे आख्खं बायबल आइसलँडिकमध्ये छापलं. आइसलँडची लिहिती भाषा टिकली, इतकी की तिथला वाचक आजही थोड्या मदतीने तेराव्या शतकातली सागा वाचतो. नॉर्वेतली जुनी लिहिती भाषा मात्र संपली. एका छापखान्याने केवढा फरक पडतो! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

अजून पटत नसेल तर लुदविग होल्बेर्ग घ्या. जन्म १६८४, बेर्गेन, नॉर्वे. आयुष्य गेलं कोपनहेगनला, तिथे प्राध्यापक होता. १७२२ पासून त्याच्या विनोदी नाटकांनी डॅनिश रंगभूमी उभी केली. त्याचा पुतळा कोपनहेगनात आहे आणि बेर्गेनमध्येही आहे. डॅनिश साहित्याच्या इतिहासात त्याच्यावर प्रकरण असतं, नॉर्वेजियन इतिहासातही असतं. परीक्षेत 'होल्बेर्ग कोणत्या देशाचा?' असा एका गुणाचा प्रश्न घालणाऱ्यांवर माझा राग आहे. त्याच्या काळात तो प्रश्न असा पडतच नव्हता. तो कोणत्या भाषेत लिहायचा, कुठे छापायचा, समोर बघायला कोण बसायचं, हे विचारा. लगेच सगळं स्पष्ट होतं.

१८१४ साली नॉर्वे डेन्मार्कपासून सुटलं आणि स्वीडनच्या राजाकडे गेलं, पूर्ण स्वतंत्र झालं १९०५ ला. सुटल्यावर प्रश्न पडला, लिहायचं कशात? एका गटाने ठरवलं, डॅनिशच हळूहळू आपल्या उच्चाराकडे वळवू. दुसरा मार्ग ईवार ओसेनचा. शेतकऱ्याचा मुलगा, गावोगाव हिंडून बोली टिपून घेतल्या, १८४८ ला व्याकरण, १८५० ला शब्दकोश, आणि बोलींमधून एक नवी लेखनभाषा घडवली. १८८५ साली संसदेने दोन्ही भाषांना सारखा दर्जा दिला. आज पहिलीचं नाव बूकमोल, दुसरीचं न्यूनोर्स्क. फोस्से लिहितो ते न्यूनोर्स्कमध्ये. म्हणजे नोबेलच्या बातमीत नुसतं 'नॉर्वेजियन लेखक' आलं, तेव्हा ओसेनची सगळी पायपीट त्या दोन शब्दांत गडप झाली.

इब्सेन पहिल्या वाटेवरचा. डॅनिशमध्ये पुस्तकाला 'बोग' लिहितात, नॉर्वेत 'बोक'. रस्त्याला तिकडे 'गादे', इकडे 'गाते'. अक्षरं सांगतेय, डॅनिश उच्चार आणखी वेगळा. हे 'प', 'त', 'क' नॉर्वेच्या लेखनात अधिकृतपणे आले १९०७ च्या सुधारणेत. इब्सेन गेला मे १९०६ मध्ये. तू शिकतोयस ते लेखन त्याने पाहिलंच नाही, बाळा. तेव्हा उत्तर असं: हो, वाचता येईल, वर्षभराची मेहनत वाया गेलेली नाही. फक्त पहिली वीस पानं डॅनिश शब्दकोश शेजारी ठेव.

आणि त्या शीर्षकपानाचं पुढे काय झालं तेही सांगते. इब्सेन, ब्यॉर्नसन, ली आणि हिएलान या चौघांना नॉर्वेत 'चार थोर' म्हणतात. चौघांच्या पुस्तकांचे हक्क कोपनहेगनच्या ग्युल्देन्दालकडे होते. १९२५ साली ओस्लोत ग्युल्देन्दाल नॉर्स्क ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि तिने ते हक्क विकत घेतले. या व्यवहाराला तिकडे जो शब्द आहे त्याचा अर्थ 'विकत घेऊन घरी आणणं' असा होतो. स्वतंत्र होऊन वीस वर्षं झाली, तरी आपले लेखक घरी आणायचे राहिले होते.

ब्यॉर्नसनचं नाव आलंच आहे तर आपल्या घरातली एक दुरुस्ती. मागे दोघातिघांनी लिहिलं की 'आंधळ्यांची शाळा' हे इब्सेनचं रूपांतर आहे. नाही. नाट्यमन्वंतरने १९३३ साली रंगभूमीवर आणलेलं श्री. वि. वर्तकांचं ते नाटक ब्यॉर्नसनच्या १८८३ च्या नाटकावरून घेतलंय. मूळ नावाचा अर्थ 'हातमोजा'. लग्न ठरलेल्या स्वावाला कळतं की नवऱ्या मुलाचं आधी एक प्रकरण होतं. मुलीने जे पाळायचं ते मुलाने का नाही पाळायचं, असं विचारून ती हातातला मोजा त्याच्या तोंडावर फेकते. इब्सेनच्या 'बाहुलीघर'चं मराठी रूप हवं असेल तर ते अनंत काणेकरांचं 'घरकुल'. मराठी नाटकाच्या नव्या वळणामागे नॉर्वेचे दोन लेखक उभे आहेत आणि त्यातला एक आपण विसरून गेलोय, याचं मला वाईट वाटतं. ब्यॉर्नसनला १९०३ चं नोबेल मिळालं, नॉर्वेचं राष्ट्रगीत त्याचं आहे.

इब्सेन आणि ब्यॉर्नसन सामाजिक प्रश्नांकडे वळले त्यात डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांदेसचा मोठा वाटा. ३ नोव्हेंबर १८७१ ला त्याने कोपनहेगन विद्यापीठात व्याख्यानं सुरू केली आणि ठणकावून सांगितलं की साहित्य जिवंत आहे हे ते प्रश्न चर्चेला घेतं यावरून कळतं. बघा, गाव पुन्हा तेच. स्वीडनचे स्ट्रिंडबेर्ग आणि सेल्मा लागेरल्योफ आज घेत नाही, दोघांना स्वतंत्र व्हिडिओ लागेल. १९०९ साली लागेरल्योफबाईंना मिळालेलं साहित्याचं नोबेल हे कुठल्याही स्त्रीला मिळालेलं पहिलं, एवढंच सांगून ठेवते.

राहिली ती एड्डाची पोथी. ४५ पानं, आपल्या शाळेच्या वहीपेक्षा लहान. मधली आठ पानं हरवलीत, सिगुर्द या वीराची गोष्ट ऐन रंगात येऊन तुटते. १६४३ साली ती बिशप ब्रिन्योल्फुरच्या हाती आली, १६६२ ला डेन्मार्कच्या राजाकडे गेली, म्हणून नाव पडलं 'राजाची पोथी'. तीनशेहून अधिक वर्षं ती कोपनहेगनला होती. २१ एप्रिल १९७१ ला डॅनिश नौदलाचं जहाज तिला घेऊन आइसलँडच्या रेक्याविक बंदरात लागलं, तेव्हा धक्क्यावर हजारो माणसं उभी होती. तो फोटो मी वारंवार काढून बघते.

आता, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर 'न्यालची सागा'. इंग्रजी भाषांतरं चांगली आहेत. पहिल्या पानांवर अमक्याचा मुलगा तमका अशी नावांची रांग लागेल, घाबरू नका, नावं पाठ करू नका, नुसतं पुढे जा. गुन्नारपर्यंत पोचा. त्याला तीन वर्षं देश सोडायची शिक्षा झालीय, सामान जहाजावर चढलंय, तो घोड्यावरून किनाऱ्याकडे निघालाय. वाटेत घोडा अडखळतो, गुन्नार खाली उडी मारतो आणि त्याची नजर मागे आपल्या घराच्या उतारावर जाते. फिकी पिवळी शेतं, कापलेलं गवत. तो म्हणतो, हा उतार इतका सुंदर मला कधीच वाटला नव्हता, मी घरी परत जातो. देश सोडून न गेल्यास जीव जाणार हे त्याला ठाऊक आहे.

तिथपर्यंत वाचलंत की कमेंटमध्ये सांगा, तो का वळला असं तुम्हाला वाटतं. माझं मत मी तोवर लिहीत नाही.