बॅरियर होतं तरी माणूस गेला कसा? क्रॅश बॅरियरच्या टोकाची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज खरं तर दुसरा विषय ठरला होता, पण मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की तो बाजूला ठेवला. प्रश्न असा, "ताई, रस्त्याच्या कडेला लोखंडी बॅरियर होतं ना, मग गाडीतली माणसं वाचली का नाहीत?" आणि त्याच्याखाली लगेच कुणाचं तरी ठरलेलं उत्तर, "वेगात असणार, दुसरं काय."

वेगाचं बोलणारच आहे मी, पण आधी बॅरियरचं बोलू. रस्त्याच्या साइटवर मी काही वर्षं काम केलंय आणि हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

बेसिक पटकन उरकते. जगभरात वर्षाला साधारण 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यावर मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 सालचा आकडा आहे, आणि 5 ते 29 वयाच्या मुलामाणसांचा जीव घेण्यात रस्ते अपघातांचा नंबर पहिला लागतो. पट्टे रात्रीचे दिसले पाहिजेत, खड्डे बुजले पाहिजेत, वळणावर पाणी तुंबायला नको, कडेला रंबल स्ट्रिप हवी म्हणजे डोळा लागला तरी चाकांच्या घर्रर्र आवाजाने जाग येते. हे सगळं तुम्हाला माहितीये. पुढे जाऊ.

तर बॅरियर. ते भिंतीसारखं घट्ट उभं राहून गाडी अडवतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. तो नागमोडी घडीचा लांब पत्रा असतो, साधारण 3 मिलिमीटर जाड आणि 31 सेंटीमीटर उंचीचा, ठरावीक अंतरावरच्या खांबांना बोल्टने धरलेला. गाडी तिरकी येऊन घासली की खांब वाकतात, पत्रा ताणला जातो आणि गाडी त्याच्या कडेकडेने घसरत हळू होते. दोरीवर ओलं घोंगडं टाकलं की भार कुठे जातो? दोन्ही खुंट्यांवर. इथेही तसंच, सगळा ताण जातो दोन्ही टोकांकडे, जिथे ती पट्टी जमिनीत पक्की धरलेली असते. म्हणजे असायला हवी. टोक नीट धरलेलंच नसेल तर मधली अख्खी पट्टी नुसती लोंबती दोरी आहे, दिसायला बॅरियर आणि कामाला काहीच नाही.

आता त्या टोकाकडे गाडीच्या बाजूने बघा. पट्टीच्या मधल्या भागाला गाडी तिरकी लागली तर ती घसरते, पण नाक समोरून थेट टोकावर आलं तर? तुमच्यासमोर असतो पत्र्याचा उभा काठ, 3 मिलिमीटरचा, आणि त्याच्यामागे रांगेत शंभर-दोनशे मीटर लोखंड उभं. ते मागे सरकणार नाही. मग पत्रा बॉनेट फाडून आत येतो, सीटपर्यंत येतो. तुम्ही म्हणता ना "बॅरियर असून गेला", तर बऱ्याचदा बॅरियरचं टोक असल्यामुळे गेलेला असतो. एवढं तरी या व्हिडिओतून लक्षात ठेवा.

दुसरी तऱ्हा बघा. हा भाल्यासारखा प्रकार लोकांच्या लक्षात पूर्वीच आला होता, म्हणून एक युक्ती निघाली की टोक वाकवून जमिनीत गाडून टाकायचं, उतरत्या सोंडेसारखं. दिसायला छान, टोकच दिसत नाही. पण मंडळी, उतरती पट्टी समोरून येणाऱ्या चाकाला चढाचा रॅम्पच झाली ना! एका बाजूचं चाक तिच्यावर चढतं, गाडी कलंडते, नाहीतर उडून ज्या झाडापासून वाचवायचं होतं त्याच झाडावर जाऊन पडते. अमेरिकेत 1990 मध्ये वेगवान आणि वर्दळीच्या हायवेंवर असं नवं टोक बसवणं बंद करायला लावलं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली, आणि तरी मी आजही नव्या कोऱ्या कामावर हे सोंडेचं टोक बघते आणि माझा संताप होतो. कारण ते बसवणाऱ्या माणसाला वाटतं आपण सेफ्टीचं काम केलं.

मग करायचं काय? कडेला मातीचा किंवा खडकाचा चढ असेल तर पट्टी हळूहळू रस्त्यापासून लांब नेत त्या चढात पुरायची, म्हणजे समोर टोकच उरत नाही. तशी जागा नसेल तर धक्का खाणारं टोक बसवायचं. त्याच्या तोंडाशी एक जाड चौकोनी ठोकळा असतो. गाडी आदळली की तो पट्टीवरून मागे मागे सरकतो, सरकताना पत्रा चपटा करून बाजूला वळवून फेकतो आणि त्या कामात गाडीचा वेग खर्ची पडतो. एकदा धडक खाल्ली की मात्र ते टोक संपलं, ते बदलावंच लागतं. वाकलेलं टोक लाल फडकं बांधून सहा-सहा महिने तसंच ठेवायचं म्हणजे पुढच्या गाडीसाठी पुन्हा भालाच.

आता एक कमेंट घेते, एका दादांनी लिहिलंय, "ताई, बॅरियर सगळीकडेच लावून टाका ना, प्रश्न मिटला." नाही मिटत, दादा. बॅरियर हीसुद्धा एक धडकच असते. पहिला विचार हा हवा की इथे अडथळा हटवता येतो का, उतार सपाट करता येतो का. जनरल मोटर्सच्या टेस्ट ट्रॅकवर 1960 च्या आसपास त्यांच्या इंजिनियरांनी झाडं-खांब हटवून, चर बुजवून बघितलं आणि तिथल्या नोंदींतून निघालं की रस्ता सोडून गेलेल्या साधारण 80 टक्के गाड्या 9 मीटरच्या आत सावरतात, जर त्या 9 मीटरमध्ये आदळायला काही नसेल तर. इतकी मोकळी जागा सगळीकडे मिळत नाही, कबूल. पण जिथे आहे तिथेही आपण हौसेने बोर्डाचा जाडजूड खांब नेमका वळणाच्या बाहेरच्या अंगाला रोवतो, हे कशाला?

टोक झालं, आता जोड. दोन पत्रे एकमेकांवर चढवून बोल्ट मारलेले असतात. कौलारू छप्पर आठवा, वरचं कौल खालच्या कौलावर येतं म्हणून पाणी वाहून जातं, उलटं लावलं तर पाणी घरात. इथे पाण्याऐवजी गाड्या वाहतात. गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूचा पत्रा वर हवा. उलटा लावला तर प्रत्येक जोडावर एक उघडी कड येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभी राहते. म्हणजे परत तेच टोक, फक्त लहान, आणि ते दर चार मीटरवर! पुढच्या वेळी सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये अडकलात तर बाजूच्या पट्टीचा जोड बघा. एकदा दिसायला लागलं की दिसतच राहतं.

आता माझ्या साइटवरची गोष्ट. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला होता, मस्त गुळगुळीत, सगळे खूश. मी टेप घेऊन सहज बॅरियरची उंची मोजली. वरची कड रस्त्यापासून साधारण 70 ते 80 सेंटीमीटरवर लागते, आणि माझ्या टेपवर भरली 61. आधीचा एक थर आणि हा नवा, दोन्ही मिळून रस्ता वर आला आणि पट्टी तिथेच राहिली. उंच गाडी असेल तर ती वरून पलटी खाणार. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "डांबर आपल्या टेंडरमध्ये आहे, रेल नाही." रेल म्हणजे हीच बॅरियरची पट्टी. आणि रेलचं टेंडर ज्यांच्याकडे होतं त्यांचं काम दोन वर्षांपूर्वी पास झालेलं, तेव्हाची उंची बरोबर होती! कागद दोघांचेही बरोबर. मी ती नोंद लेखी दिली, त्याची पोच घेतली, आणि त्या हंगामात तरी पट्टी वर उचलली गेली नाही. रात्री तिथून एसटी गेली की माझ्या पोटात गोळा यायचा. म्हणून सांगते, डिझाइन आणि मेंटेनन्स हे दोन वेगळे विषय नाहीयेत. डांबर टाकणाऱ्याच्याच कामात पट्टी उचलणं लिहिलेलं हवं, बास.

हां, वेग. वेगवाल्या मंडळींचं म्हणणं मला मान्य आहे. ताशी 100 वर गाडी सेकंदाला 28 मीटर जाते, दोन सेकंद डुलकी म्हणजे 55 मीटर. 80 वरून 100 केलं तर वेग सव्वापट आणि धक्क्याची ताकद दीडपटीहून जास्त. बॅरियरची टेस्टसुद्धा ताशी 100 आणि 25 अंशांच्या कोनात करतात, 140 ला नाही. पण "चूक ड्रायव्हरची" म्हणून फाइल बंद करायची हे मला अजिबात पटत नाही. माणूस चुकणार, त्याला झोप येणार, टायर फुटणार. त्या चुकीला फाशी का?

स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये हेच धरून व्हिजन झिरो मंजूर केलं, म्हणजे रस्त्यावर कुणी मरू नये की गंभीर जखमी होऊ नये हे धोरण. शरीर किती धक्का सोसतं ते आधी ठरवलं आणि रस्ता त्याप्रमाणे. पायी माणसं असतील तिथे वेग ताशी 30 किलोमीटर, गाड्या आडव्या येऊन धडकू शकतात तिथे 50, समोरासमोर येऊ शकतात तिथे 70. त्याहून वेग हवाय? मग मधे अडथळा घाला. त्यांच्याकडे 13 मीटर रुंदीचे रस्ते होते, लोक बेधडक ओव्हरटेक करायचे. त्यांनी 1998 पासून त्याच रुंदीत तीन लेन आखल्या, मधे तारांचं बॅरियर घातलं आणि जादा लेन आलटून पालटून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला दिली. नवीन जमीन जवळपास लागलीच नाही. त्या रस्त्यांवरचे मृत्यू साधारण तीन चतुर्थांश कमी झाले.

बाइकवाल्यांनी विचारलंय की पडलो तर खांबांचं काय. अगदी योग्य प्रश्न आहे. घसरत आलेला माणूस पट्टीच्या खालून जातो आणि खांबावर आदळतो. स्पेन आणि फ्रान्समध्ये धोक्याच्या वळणांवर खाली आणखी एक पट्टी लावतात, जमिनीलगत. तुमच्या रोजच्या रस्त्यावर बाहेरच्या वळणाला अशी खालची पट्टी नसेल तर मागणी करा, फार मोठं काम नाहीये ते.

आणि मागणी करताना "रस्ता खराब आहे" एवढंच लिहू नका, त्याने काही हलत नाही. रस्त्याचा नंबर, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, कुठल्या दिशेला जाणारी बाजू, आणि टोकाचे दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. फोटो मागे बसलेल्याने काढायचा, गाडी सुरक्षित जागी उभी करून, हायवेच्या कडेला चालत जायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. तारीख टाका आणि पोच घ्या. पुढच्या व्हिडिओत पुलाचा कठडा घेणार आहे, लवचिक पट्टी संपून सिमेंटचा कठडा सुरू होतो त्या सांध्यात खांब जवळजवळ का हवेत ते. तुमच्याकडे अशा सांध्याचे फोटो असतील तर वर सांगितलं तसे नंबरासकट पाठवा.