निळ्या टोपणाची ट्यूब

(लॅब टेक्निशियन, आशा सेविका आणि पालक यांच्यासमोर कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी कागलकडची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. नववीत होती. पाळी सुरू झाल्यापासून दहा-दहा दिवस अंगावरून जायचं, हिमोग्लोबिन सहावर आलेलं. लहानपणी उन्हाळा लागला की घोळणा फुटायचा. कांदा फोडून हुंगवायचा आणि विसरून जायचं. फाइलमध्ये तीन ठिकाणचे रिपोर्ट होते. तिन्हींत प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, व्यवस्थित, आणि रक्त थांबण्याच्या वेळेची बीटी-सीटी तपासणी नॉर्मल. मी आईला विचारलं, तुमची पाळी कशी होती? त्या म्हणाल्या, "माझंबी आसंच हुतं की मॅडम. आमच्यात समद्यांचंच लई जातंय."

निदानाची वाट त्या उत्तरात होती, पण तोवर कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे टॉन्सिलचं ऑपरेशन असो की दात काढायचा असो, बीटी-सीटी लिहून दिली जाते. बीटी म्हणजे बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचून रक्त किती मिनिटांत थांबतं ते टिपकागदावर बघणं. ते टोचणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतं. सीटी म्हणजे काचेच्या बारीक नळीत गुठळी कधी धरते ते बघणं. फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी नंबर दिलेली प्रथिनं, अगदी तळाला गेल्याशिवाय ती लांबतच नाही. ज्याच्या रक्तात फॅक्टर आठ वीस टक्के आहे, त्याची सीटी नॉर्मल येऊ शकते, आणि दाढ काढल्यावर तोच माणूस रात्रभर रक्त थुंकत बसतो. केवळ बीटी-सीटीवर विसंबून "रक्ताचा दोष नाही" असा शेरा मारणं थांबलं पाहिजे, हे मी आग्रहाने सांगते.

उसाला पाणी पाजताना पाट फुटला तर आपण आधी हाताला लागतील ती ढेकळं टाकतो, मग वरून चिखल थापतो. रक्ताचंही तसंच. प्लेटलेट ही ढेकळं, आणि फॅक्टरांमुळे तयार होणारं फायब्रिनचं जाळं हा चिखल. आणि वाहत्या पाण्यात ढेकळं जागेवर धरून ठेवणारा जो असतो, तो व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. फॅक्टर आठलाही रक्तात तोच सांभाळतो.

चिखलाची परीक्षा पीटी आणि एपीटीटीने होते; गुठळी किती सेकंदांत धरते ते मोजणाऱ्या या लॅबच्या दोन तपासण्या. रांगायला लागलेल्या मुलाच्या अंगावर काळेनिळे डाग, गुडघा सुजलेला, पीटी नॉर्मल आणि एपीटीटी लांबलेला, असं दिसलं की हिमोफिलिया, म्हणजे फॅक्टर आठ किंवा नऊ कमी असण्याचा आजार, मनात यायलाच हवा. मग रुग्णाचा प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग) आणि निरोगी माणसांचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा. वेळ सुधारली तर एखादा फॅक्टर कमी आहे. नाही सुधारली तर फॅक्टरविरुद्ध अँटिबॉडी असू शकते. फॅक्टर आठविरुद्धची अँटिबॉडी सावकाश काम करते, म्हणून ते मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा बघावं लागतं. शेवटी आठ आणि नऊ वेगवेगळे मोजायचे, कारण दोन्हींची इंजेक्शनं वेगळी. फॅक्टर १ टक्क्याखाली असेल तर आजार तीव्र, १ ते ५ मध्यम, त्यावर ४० पर्यंत सौम्य.

कागलच्या त्या मुलीचा मात्र एपीटीटीसुद्धा नॉर्मल होता. मला संशय होता व्हॉन विलेब्रँड आजाराचा, म्हणजे ढेकळं धरणारा तो फॅक्टरच कमी असण्याचा. १९२६ साली फिनलंडचे डॉक्टर एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी ऑलंड बेटांवरच्या रक्तस्रावाच्या एका कुटुंबाविषयी लिहिलं. त्यातली ज्या मुलीपासून शोध सुरू झाला, ती १३व्या वर्षी, चौथ्याच पाळीत रक्तस्रावाने गेली. शंभर वर्षं होत आली, तरी आपण मुलींना "होतं असं" म्हणून घरी पाठवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

या आजारात तीन गोष्टी मोजतात: व्हॉन विलेब्रँड फॅक्टर किती आहे, तो काम किती करतो, आणि फॅक्टर आठ किती. काम बघायला रिस्टोसेटिन वापरतात. ते मुळात अँटिबायोटिक. प्लेटलेट कमी होतात म्हणून औषध म्हणून बंद झालं, आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटवण्याचा त्याचा तोच गुण लॅबच्या कामी आला. पण आकडा एकदाच बघून निकाल देऊ नका. ताप, गरोदरपण, सुई बघून रडणारं मूल, या सगळ्यांत तो वाढतो. 'ओ' रक्तगटात मुळातच कमी असतो.

आता टेक्निशियन मुलामुलींसाठी. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये सायट्रेट असतं; ते रक्त गोठू देत नाही. एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त. रेघेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि निरोगी माणसाचा एपीटीटी लांबतो. दुसरी चूक आपल्याकडे काळजीपोटी होते. एकदा चंदगडहून एका मुलाचं रक्त बर्फात घालून आलं. पाठवणाऱ्याला वाटलं, चांगलं राहील. सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा न केलेलं रक्त थंडीत ठेवलं तर त्यातला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर घटतो. रिपोर्टमध्ये त्या मुलाला आजार दिसला. घरच्यांनी महिनाभर त्याला तालमीत पाठवलं नाही. पुन्हा नीट रक्त घेतलं तेव्हा सगळं नॉर्मल. तेव्हा रक्त खोलीच्या तापमानाला ठेवा, चार तासांच्या आत दोनदा सेंट्रिफ्यूज करा, प्लाझ्मा वेगळा काढा, आणि मुंबईला परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत वगैरे पाठवायचा असेल तर तो प्लाझ्मा गोठवून पाठवा.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न होतं, म्हणून आणखी एक सांगते. नात्यातल्या लग्नांत दुर्मिळ दोष जास्त दिसतात. नाळ पडल्यावर बाळाच्या बेंबीतून रक्त झिरपत राहिलं आणि पीटी, एपीटीटी दोन्ही नॉर्मल आले, तर फॅक्टर तेरा आठवा. प्लाझ्माची गुठळी ५ मोलर युरियात ठेवायची आणि २४ तास बघायचं. विरघळली तर फॅक्टर तेरा जवळजवळ नाहीच. थोडी कमतरता यात सापडत नाही, पण अशा बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होण्याआधी कळणं मोठी गोष्ट आहे.

कागलच्या मुलीचा व्हॉन विलेब्रँड फॅक्टरचा आकडा दोनदा तपासला, दोन्ही वेळा तीसच्या खाली आला. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या; ती दहावीची परीक्षा देऊ शकली. आईचाही आकडा तसाच निघाला. पुढच्या खेपेला त्या आपल्या थोरल्या बहिणीला आणि तिच्या दोन मुलींना घेऊन आल्या.